ट्रकवाला किती लांब बघतो: निपाणी–संकेश्वर रस्ता संगणकावर चालवताना

सुमो या वाहतुकीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निपाणी ते संकेश्वरचा रस्ता भरून पहिला रन मारला की पडद्यावर जे दिसतं ते पाहून इकडचा कुणीही हसेल. सगळे ट्रक ओळीनं डाव्या लेनमध्ये, उजवी लेन रिकामी, आणि कार तिथून सुसाट. राष्ट्रीय महामार्ग ४८ (आमच्याकडं अजून ‘एनएच फोर’च म्हणतात) असा चालत नाही. भरलेला ट्रक दुभाजकाला धरून पन्नासनं जातो, मागची कार दोन-तीनदा डिपर मारते आणि शेवटी कंटाळून डावीकडून निघून जाते. पडद्यावरचं चित्र या चित्राच्या जवळ आणण्यासाठी आम्ही काय बदललं, कुठले आकडे घातले आणि मध्ये काय काय फसलं, ते इथं मांडलंय. काम चौपदरी रस्त्याचं, म्हणजे एका दिशेला दोन लेन. सहापदरीकरणाची वळणं यात धरलेली नाहीत.

सुमो हे जर्मन एरोस्पेस सेंटरनं २००१ पासून वाढवलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक गाडीचा स्वतंत्र हिशोब चालतो. दर टप्प्याला, म्हणजे वेळेच्या दर छोट्या तुकड्याला, प्रत्येक ड्रायव्हरपुढं दोनच प्रश्न असतात: किती रेटायचं किंवा दाबायचं, आणि कुठल्या लेनमध्ये राहायचं. पहिल्या प्रश्नावर भरपूर काम झालेलं आहे. गिप्सचं मॉडेल १९८१ चं, सुमोमध्ये आपोआप येणारं क्राउसचं १९९८ चं, आणि ट्रायबर, हेनेके व हेलबिंग यांचं इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल, म्हणजे आयडीएम, २००० चं. दुसऱ्या प्रश्नाला केस्टिंग, ट्रायबर आणि हेलबिंग यांचा २००७ चा मोबिल हा नियम आहे. आमचा सुरुवातीचा सगळा वेळ पहिल्या प्रश्नातले आकडे घोटण्यात गेला. चूक दुसऱ्यात होती.

आधी रस्ता. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरून तुकडा उतरवून नेटकन्व्हर्टला (नकाशाचा सुमोला कळणारा रस्ता करणारं साधन) दिला. ‘लेफ्टहँड’ हा पर्याय विसरलात तर आख्खी वाहतूक उजव्या बाजूनं धावते आणि सर्व्हिस रोडचे सांधे उलटेपालटे होतात. तो दिला की कडेची लेन शून्य नंबरची आणि दुभाजकाकडची एक नंबरची होते. आणखी एक लक्षात ठेवायचं: सुमोच्या लेनबदलाच्या पर्यायांची नावं उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांच्या हिशोबानं आहेत. ‘कीप-राइट’ म्हणजे आपल्याकडं डावीकडं सरकण्याची ओढ, आणि ‘ओव्हरटेक-राइट’ म्हणजे आपल्याकडं डावीकडून पुढं जाणं. हे पाठ होईपर्यंत दर दुसरी दुरुस्ती उलट्या दिशेनं होते.

नकाशावर सर्व्हिस रोडचे सांधे, पेट्रोल पंपाच्या वाटा, धाब्यापुढच्या मोकळ्या जागा बहुतेक नसतातच. त्या हातानं घालाव्या लागतात, कारण डावी लेन नासते ती याच ठिकाणी.

गाड्या आत सोडताना दोन सापळे आहेत. काही न सांगता सोडलेली गाडी शून्य वेगानं आणि कडेच्या लेनमध्ये उतरते. महामार्गाच्या मधोमध ट्रक उभा जन्माला येतो, त्याच्यामागं सगळी रांग दबते, आणि आपल्याला वाटतं रस्त्याची क्षमताच कमी आहे. सुटतानाचा वेग ‘डिझायर्ड’ आणि लेन ‘फ्री’ किंवा ‘बेस्ट’ करायची, आणि मोजणीच्या तुकड्याआधी किमान २ किलोमीटर रस्ता नुसता जुळवून घेण्यासाठी सोडायचा. दुसरा सापळा वेगाचा. सुमोतल्या ट्रकचा मूळ कमाल वेग ताशी १३० किलोमीटर आहे. आपल्याकडं २०१८ पासून चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला १०० ची आणि मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आहे, आणि भरलेला ट्रक त्या ८० च्याही बराच खाली असतो. प्रत्येक प्रकाराला स्वतःचा कमाल वेग दिलाच पाहिजे.

एक टप्पा आपोआप १ सेकंदाचा असतो. गाडीनं पुढच्या गाडीपासून ठेवायचं वेळेचं अंतर (सेकंदातलं) त्याहून कमी, समजा ०.८ सेकंद, दिलंत तर गाड्या एकमेकींत घुसतात. सुमो अशा गाड्यांना उचलून पुढं नेऊन ठेवतं, त्यामुळं पडद्यावर काही कळतही नाही. टप्पा ०.२ सेकंदाचा करा. ३०० सेकंद अडकून पडलेली गाडीही तशीच आपोआप उचलली जाते. ती सोय तपासणीच्या काळात बंद ठेवा, म्हणजे कोंडी होते ती डोळ्यांना दिसेल.

मोजणी हा सगळ्यात वेळखाऊ भाग. पादचारी पुलावरून किंवा उड्डाणपुलावरून रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं चित्रण करायचं, तिवईवर, फोन आडवा. पडद्यावरचे बिंदू जमिनीच्या मीटरमध्ये बदलण्यासाठी रस्त्यावरचे चार ओळखीचे बिंदू लागतात. त्यातले कुठलेही तीन एका रेषेत नकोत. लेनच्या तुटक पट्ट्यांची लांबी पुस्तकातून उचलू नका. डांबराचा थर पडून पुन्हा रंगवलेले पट्टे कुठंही सुरू होतात, कुठंही संपतात. टेप लावून मोजा, तेही सकाळी लवकर, बरोबरच्या माणसाच्या हातात लाल झेंडा देऊन. आणि ट्रकचा माग काढताना त्याच्या हौद्याचा वरचा काठ पकडू नका. जमिनीचं गणित उंच गोष्टीला लावलं की ट्रक आहे त्याहून कितीतरी मीटर पलीकडं दिसतो. चाक जिथं डांबराला टेकतं तो बिंदू घ्या.

मग वेग. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेममधलं अंतर ०.०४ सेकंद. जागा ठरवण्यात अर्ध्या मीटरची चूक झाली तर वेगात सेकंदाला १२.५ मीटरची, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरची चूक. लागून असलेल्या फ्रेमवरून वेग काढला की ट्रक एका क्षणी ९० नं आणि दुसऱ्या क्षणी मागं जातो. किमान एक सेकंदाच्या खिडकीवर वक्र बसवून वेग काढायचा, प्रवेग काढायचा तर खिडकी आणखी मोठी. आकडे जुळवताना चूक मोजायची ती पुढच्या गाडीपासूनच्या अंतरावर; वेगावर नाही. वेग जुळतो आणि अंतर हळूहळू ४० मीटरनं सरकलेलं असतं, असं फार वेळा होतं. आणि पूर्ण चित्रणात ज्या ड्रायव्हरला मोकळा रस्ता मिळालाच नाही, त्याचा मनातला वेग, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर त्याला हवा असलेला वेग, त्याच्या मागावरून काढता येत नाही. तो शोधत बसू नका. मोकळ्या धावणाऱ्या गाड्यांवरून वेगळा काढा.

आयडीएमचं सूत्र सोपं आहे. गाडीला हवं असलेलं अंतर म्हणजे उभ्या स्थितीतलं अंतर, अधिक वेग गुणिले वेळेचं अंतर, अधिक एक तिसरं पद. ते पद म्हणजे वेग गुणिले वेगातला फरक, भागिले प्रवेग आणि आरामाचा ब्रेक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. भरलेल्या ट्रकला आम्ही प्रवेग ०.४, आरामाचा ब्रेक १.५ (दोन्ही मीटर प्रति सेकंद वर्ग), वेळेचं अंतर १.५ सेकंद, उभं अंतर ३ मीटर आणि मनातला वेग ताशी ६० असं देऊन सुरुवात केली. आता हा ट्रक ५४ नं चाललाय आणि पुढं डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर १८ नं. हवं असलेलं अंतर निघतं १२२ मीटर. तेवढं अंतर असताना ट्रक नुसता ०.२६ नं, म्हणजे पाय सैल सोडल्यासारखा, हळू होतो. अंतर ६० मीटरवर आलं की ब्रेक १.५ होतो. हे रस्त्यावरच्या वागण्याशी चांगलं जुळतं. इथंवर तक्रार नव्हती.

खरी गंमत त्यानंतर. ट्रॅक्टर बाजूला गेल्यावर त्याच ट्रकला १८ वरून पुन्हा ५४ वर यायला याच सूत्रानं साधारण ३३ सेकंद आणि ३६० मीटर लागतात, तेही सपाट रस्त्यावर आणि पुढं कुणी नसताना. गिअरच्या चार-पाच बदलांचा वेळ त्यात धरलेला नाही. ट्रकवाल्याच्या डोक्यात हा हिशोब सतत चालू असतो. एकदा डावीकडं जाऊन ट्रॅक्टरमागं अडकलो की डिझेल गेलं, वेळ गेला, आणि उजवीकडं परत घेणार कोण?

मोबिल नियमाला यातलं काही दिसत नाही. तो विचारतो: या क्षणी लेन बदलली तर माझा प्रवेग किती वाढेल, मागच्यांचं किती नुकसान होईल, आणि नव्या लेनमधल्या मागच्या गाडीला ठरावीक मर्यादेहून जोरात ब्रेक मारावा लागेल का? फायदा ठरावीक उंबरठ्याच्या, साधारण ०.१ च्या, वर गेला तर बदल. डावी लेन या क्षणी मोकळी, नियम डावीकडं राहायला सांगतो, मग ट्रक डावीकडं. तीनशे मीटरवर वडाप जीप प्रवासी घ्यायला उभी आहे, त्यापुढं ट्रॅक्टर आहे, हे त्या क्षणाच्या प्रवेगात येतच नाही. सुमोमध्ये मोबिल जसंच्या तसं नाही, त्याची स्वतःची पद्धत आहे. तिच्यात पुढं बघणं थोडं आहे, पण ‘तिकडं गेलो तर परत येता येईल का’ हा प्रश्न तिथंही नाही. ‘कीप-राइट’ शून्य केलं की ट्रक उजवीकडं राहतात खरे, पण मग ते कधीच सोडत नाहीत, रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावरही. नुसता एक आकडा फिरवून हे सुटत नाही.

म्हणून ट्रकचा लेनचा निर्णय आम्ही सुमोकडून काढून घेतला. ट्रासी या, चालू रनला बाहेरून हुकूम देणाऱ्या, जोडणीतून पायथनमध्ये प्रत्येक ट्रकचा लेनबदल मोड ५१२ केला, म्हणजे तो स्वतःहून लेन बदलत नाही, पण आपण सांगितल्यावर सुरक्षित अंतर पाहूनच बदलतो. मग दर सेकंदाला, म्हणजे दर पाचव्या टप्प्याला, उजवीकडच्या प्रत्येक ट्रकला तीन प्रश्न विचारायचे.

कुणी वाट मागतंय का? मागं ३० मीटरच्या आत अशी गाडी, जिचा मनातला वेग ट्रकपेक्षा सेकंदाला किमान ४ मीटरनं जास्त आहे, आणि ती ५ सेकंद तशीच अडकून आहे. हा आमचा डिपर. दुसरा प्रश्न, डावीकडं किती वेळ मोकळं आहे? पुढच्या ४०० मीटरमधल्या सर्वांत हळू गाडीपर्यंतचं अंतर भागिले वेगातला फरक. ट्रॅक्टर ३८० मीटरवर असेल आणि फरक सेकंदाला १० मीटर असेल तर ३८ सेकंद. २५ सेकंदांहून कमी निघालं तर ट्रक हलत नाही. तिसरा, परत कसा येणार? मागच्या ३०० मीटरमध्ये उजव्या लेनला तीनपेक्षा जास्त गाड्या असतील तर नाही. शंभरनं येणाऱ्या कारसमोर ५४ चा ट्रक घुसवायचा आणि कारला ३ पेक्षा जास्त ब्रेक लावायला लागू नये, तर आमच्या कारच्या आकड्यांनी ८५ मीटर तरी मोकळे लागतात. एवढी फट दाट रांगेत मिळत नाही.

तिसऱ्या प्रश्नामुळं एक उफराटी गोष्ट घडते: मागं रांग जितकी मोठी, तितका ट्रक लेन सोडायला नाखूश. लेन अडवणाऱ्या ट्रकला आपण मग्रूर म्हणतो. त्याच्या केबिनमधून बघितलं तर तो फक्त परतीचं दार बंद झालेलं बघत असतो.

पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा ट्रक सापासारखे नागमोडी चालू लागले. एका सेकंदाला तिन्ही अटी पूर्ण, पुढच्या सेकंदाला नाही. एकदा निर्णय झाला की १० सेकंद पुन्हा विचारायचं नाही, असं बांधून घेतल्यावर ते थांबलं. दुसरी अडचण वेगाची होती. प्रत्येक ट्रकला ट्रासीतून एकेक प्रश्न विचारत बसलं की रन गोगलगाईसारखा चालतो. सबस्क्रिप्शन लावून सगळ्यांची माहिती एकदम मागवायची, आणि फक्त ट्रकच हाताळायचे, कार (पुढं येणारा एक अपवाद सोडून) सुमोवर सोडायच्या.

ट्रकनं ट्रकला मागं टाकण्याचा प्रकार मात्र वेगळं काही न करता बरोबर आला. ५४ चा ट्रक ५० च्या ट्रकला मागं टाकतो तेव्हा वेगातला फरक सेकंदाला १.१ मीटर. दोघांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर मिळून ६० मीटर धरले तर ५४ सेकंद आणि ८१० मीटर जातात. ताशी ६०० कार शंभरनं येत असतील तर तेवढ्या वेळात चार-पाच कार मागं साचतात. पुष्कळांना इथं नऊ वाटतात, ५४ भागिले ६. पण ट्रकही पुढं सरकत असतो, त्यामुळं त्याला येऊन भिडणाऱ्या कार कमी. सुमोत मोजून बघा, चारच्याच आसपास येतील.

आता कारवाला. मूळ सुमोत कार ट्रकच्या डावीकडून पुढं जायला कां-कूं करते. ‘ओव्हरटेक-राइट’ वाढवला की जाऊ लागते. पण जरा जास्तच सफाईनं. कारण सुमोतला ड्रायव्हर ट्रकच्या आरपार बघतो. त्याला डाव्या लेनमध्ये ८० मीटरवर ट्रॅक्टर आहे हे माहीत असतं, म्हणून तो जातच नाही. खऱ्या ड्रायव्हरला ते दिसत नाही, आणि का दिसत नाही याचं गणित साधं आहे. आपलं स्टिअरिंग उजवीकडं. कारच्या मध्यापासून डोळे ०.४ मीटर उजवीकडं, ट्रकची अर्धी रुंदी १.२५ मीटर, म्हणजे ट्रकचा डावा मागचा कोपरा डोळ्यांपासून १.६५ मीटर डावीकडं. ट्रक डोळ्यांपासून १० मीटर पुढं असेल तर त्या कोपऱ्याला घासून जाणारी नजर डाव्या लेनच्या मध्यावर (३.५ मीटरची लेन, म्हणजे डोळ्यांपासून ३.९ मीटर) साधारण २४ मीटरवर पोचते. त्यापुढचा लेनचा मध्य झाकलेला. २.६ मीटर रुंदीची ट्रॉलीसुद्धा ३२ मीटरपलीकडं पूर्ण लपते. कारवाल्यानं मीटरभर डावीकडं सरकून डोकावलं तर लेनचा मध्य ४५ मीटरपर्यंत दिसतो. अंतर वाढवून २० मीटर ठेवलं तर न सरकताही ४७.

म्हणजे जो ट्रकच्या बुडाला चिकटतो, त्यालाच सगळ्यात कमी दिसतं, आणि चिकटलेलाच डावीकडून काढतो. उलट ट्रकवाला उंच केबिनमधून पुढच्या कारच्या टपावरून लांबपर्यंत बघतो. दोघांना एकच नजर दिली की मॉडेल चुकतं. आम्ही ट्रकला ४०० मीटर ठेवले, आणि ट्रकमागं १५ मीटरच्या आत असलेल्या कारला डाव्या लेनमधलं ३५ मीटरपुढचं काहीही कळणार नाही असं केलं. ट्रासीत करायचं ते असं: कारला मोड ५१२, डावी लेन तपासताना ३५ मीटरपलीकडची गाडी यादीतून गाळायची, जागा दिसली की हुकूम द्यायचा. लेन बदलल्यावर गाडी पुन्हा सुमोच्या ताब्यात द्यायची. मग ती ट्रॅक्टर ‘बघते’ आणि करकचून ब्रेक मारते. रस्त्यावर दिसणारी ती डावीकडची झपकन मुसंडी आणि लगेच लाल दिवे, हे पडद्यावर पहिल्यांदा तेव्हा आलं.

इथं आयडीएमचा एक स्वभाव सांगायला हवा. हे मॉडेल मुळात अपघात न होण्यासाठी बांधलेलं आहे. वेळ आली तर ते हवा तितका ब्रेक मारतं. गळीत हंगामात, रात्री, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, अशी ट्रॉली डिप केलेल्या उजेडात समजा ६० मीटरवर दिसली. कार १०० नं, ट्रॉली १८ नं, फरक सेकंदाला २२.८ मीटर. कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, त्यात ३४ मीटर संपले. उरलेल्या २६ मीटरमध्ये वेग जुळवायला १० मीटर प्रति सेकंद वर्गाचा ब्रेक लागतो. चांगले टायर कोरड्या डांबरावर ७-८ च्या आसपास देतात. तो अपघातच आहे. पण प्रतिक्रियेचा वेळ न दिलेल्या आयडीएमला तिथं पूर्ण ६० मीटर मिळतात, तेवढ्यात सरासरी ४.३ चा ब्रेकही पुरतो, म्हणून तो सहीसलामत सुटतो, आणि आपण अहवालात लिहितो, टक्कर शून्य. म्हणून टक्कर मोजू नका. ब्रेक ५ च्या वर किती वेळा आणि ८ च्या वर किती वेळा गेला याची नोंद ठेवा, कृतीचा टप्पा (ड्रायव्हर किती वेळानं नवा निर्णय घेतो) वेगळा देऊन प्रतिक्रियेला वेळ द्या, आणि रात्रीच्या रनमध्ये बिनदिव्याच्या ट्रॉलीसाठी सगळ्यांचीच नजर ६० मीटर करा.

ट्रॅक्टर वेगळा प्रकार म्हणून घालावा लागतो: डबल ट्रॉलीसह लांबी १५ मीटर, रुंदी २.६, कमाल वेग सेकंदाला ५ ते ६ मीटर, प्रवेग ०.३. हंगामाबाहेरचा रन ट्रॅक्टरशिवाय आणि हंगामातला त्यांच्यासकट, असे दोन संच वेगळे ठेवा. दोन्हींची सरासरी काढली तर ती वर्षातल्या कुठल्याच दिवसाची नसते.

तवंदी घाटावर अजून एक गोष्ट तुटली. आयडीएमच्या सूत्रात चढाला जागाच नाही. निपाणीकडून चढताना पडद्यावरचा ट्रक सपाटीवरच्या वेगानं घाट चढून गेला. तीन आसांचा २८.५ टनी ट्रक, १८० अश्वशक्ती, चाकांपर्यंत पोचणारी ताकद अंदाजे ११४ किलोवॉट. ५ टक्के चढावर गुरुत्वाचं ओढणं सुमारे १४ हजार न्यूटन, घर्षणाचे २,२०० मिळवा. भागाकार केला तर सेकंदाला ७ मीटर, ताशी २५. ४ टक्क्यांवर ३० च्या थोडं वर. रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या चढाप्रमाणं ट्रकचा कमाल वेग बांधला. तुकडे लहान, १०० ते २०० मीटरचे ठेवा. एकच मोठा तुकडा केला तर ट्रक पायथ्यालाच एकदम २५ वर येतो. घाटात ट्रकनं ट्रक ओलांडणं बघण्यासारखं आहे: २५ आणि २३ मधला फरक सेकंदाला अर्धा मीटर, ६० मीटर कापायला पावणेदोन मिनिटं. उतरणीला ट्रकवाला गिअरमध्ये उतरतो की न्यूट्रलवर, हा निर्णय आम्ही घातलेला नाही. उतरणीचा वेग दोन गटांत वाटून दिलाय, एवढंच.

कोगनोळी टोलनाक्याजवळून गाड्या सोडायच्या असतील तर त्या सारख्या अंतरानं किंवा निव्वळ यादृच्छिक सोडू नका. नाक्यावरून त्या झुंडीनं सुटतात, आणि झुंडीतलं अंतर हेच पुढच्या दोन-तीन किलोमीटरचं वागणं ठरवतं.

जुळतंय की नाही हे बघायला एकूण सरासरी वेग निरुपयोगी आहे. चुकीच्या पहिल्या रनमध्येही तो बरा दिसत होता. बघायचं ते लेननिहाय: उजव्या लेनमधल्या गाड्यांत ट्रक किती, प्रत्येक लेनमधल्या वेगांचा पसारा, आणि डावीकडून पुढं जाणाऱ्या कारचं प्रमाण. ही तिन्ही मोजमापं चित्रणातून मिळतात. ज्या चित्रणावर आकडे बसवले त्याच चित्रणाशी ताडून बघू नका. दुसऱ्या दिवसाचं, जमलं तर दुसऱ्या पुलावरचं घ्या. आणि एका रनवर विश्वास नको. यादृच्छिक बीज (ज्या आकड्यावरून सुमो यादृच्छिक निवडी करतं) बदलून किमान दहा रन, आणि दहांचा पसारा सांगा. सुमोतल्या आयडीएममध्ये स्वतःची डुगडुग नसते, सगळा फरक गाड्यांच्या वाटपातून येतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला एकच आकडा न देता वेळेच्या अंतराला आणि मनातल्या वेगाला वाटप द्या.

उलट्या बाजूनं येणारी दुचाकी हा भाग अजून लंगडा आहे. पुलाखालचा फाटा गाठण्याचा वळसा वाचवायला कडेकडेनं येणारी ही दुचाकी ट्रकवाल्याच्या डावीकडं न जाण्याचं आणखी एक कारण आहे. सुमोत एकाच लेनमध्ये समोरासमोर गाड्या घालता येतात, पण दोघांनी एकमेकांना बघून बाजू देणं जमत नाही. सध्या आम्ही सर्व्हिस रोडच्या प्रत्येक सांध्यानंतरच्या २०० मीटरमध्ये कडेच्या लेनला अधूनमधून १० ते २० सेकंदांची एक उभी, अरुंद अडचण ठेवतो, आणि ती ट्रकला ४०० मीटरवरून व कारला वर सांगितलेल्या नियमानंच दिसते. ही अडचण ठेवताना आधीची उठल्यावरच पुढची ठेवा, नाहीतर दोन एकाच जागी येतात, सुमो त्यांना टक्कर समजतं आणि मागची उचलून पुढं नेऊन ठेवतं.